ड्रॉइंग मास्तरचा नांगर

लोखंडी नांगराचा पंखा कागदावर काढायला सांगितला की यंत्रचित्रण शिकणाऱ्या मुलांची खरी परीक्षा होते. पंखा म्हणजे नांगराचा वळणदार भाग. फाळ जमीन आडवी कापतो, पंखा ती कापलेली माती वर उचलतो, कलवतो आणि बाजूला पालथी घालतो. त्याचं वळण कंपासनं निघत नाही, पट्टीनं तर नाहीच. ठरावीक अंतरावर काप घ्यायचे, प्रत्येक कापावर बिंदू मांडायचे आणि ते हातानं जोडत जायचे. मी टेक्निकल स्कूलमध्ये आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं आणि हा पंखा मुलांपुढे आवर्जून ठेवला. मुलं माना खाली घालून बिंदू जोडत असताना मी त्यांना सांगायचो, की हे वळण आपल्या मुलखात ज्यानं लोखंडात उतरवलं तो माणूसही मुळात ड्रॉइंग मास्तर होता. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

किर्लोस्कर म्हटलं की आज पंप आठवतात, इंजिनं आठवतात, एका घराण्याचा मोठा उद्योगसमूह आठवतो. पण मला त्या समूहाच्या आधीचे लक्ष्मणराव जवळचे वाटतात. त्यांना यंत्र करायचं होतं, पण यंत्राला लागणारं जवळजवळ काहीच भोवती नव्हतं. कारागीर नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, जागा नव्हती आणि पुढे तर लोखंडही मिळेना. नांगर करायला निघालेल्या या माणसाला नांगराच्या आधी बाकीचं सगळं करावं लागलं. त्यांचं मोठेपण मला तिथं दिसतं.

रंग गेले, रेषा राहिली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ‘सौभद्र’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचं मन शाळेच्या पुस्तकात रमत नसे. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रं आणि यंत्रं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पोरानं चित्रकार व्हावं हे त्यांना रुचणं शक्यच नव्हतं. मधे पडले ते थोरले बंधू रामूअण्णा. खर्चाचा भार त्यांनी आपल्यावर घेतला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं दोनेक वर्षांत कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कुठला असेल? पण यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, रेष लागते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक चित्रकलेत त्यांचा हात असा बसला, की मुंबईला नव्यानंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ते याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

इथली एक गोष्ट मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगितली आहे. नोकरी ड्रॉइंगची होती, पण लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये रमले. यंत्र उघडून पाहायचं, त्याचे भाग मोजायचे, पुन्हा जोडायचं आणि चालवायचं. अमेरिकेतली यंत्रविषयक मासिकं ते मागवून वाचत. त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी कधीच घेतली नाही. त्यांचं शिक्षण झालं ते त्या वर्कशॉपमध्ये, कारण तिथलं दार ड्रॉइंगच्या मास्तरालाही उघडं होतं.

मुंबईत सायकल नवलाची होती तेव्हा लक्ष्मणरावांनी ती पाहिली, विकत घेतली आणि बेळगावला रामूअण्णांकडे धाडली. त्यातून १८८८ मध्ये दोघा भावांचं सायकलींचं दुकान उभं राहिलं आणि ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. सायकल तेव्हा सात-आठशे रुपयांची, म्हणजे पैसेवाल्यांचीच वस्तू. रामूअण्णा ती विकत आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. यंत्र विकायचं तर आधी ते वापरायला शिकवावं लागतं, हा धडा भावांनी सायकलीवर गिरवला. पुढे नांगराच्या वेळी तोच कामी आला.

काही वर्षांनी व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पुढे आयुष्यात त्यांनी नोकरी धरली नाही.

विकला न जाणारा नांगर

बेळगावात त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो कडबा कापण्याच्या यंत्राला. अख्खा कडबा बैलापुढे टाकला तर निम्मा पायाखाली जातो. तोच बारीक कापून घातला तर बैल सगळा खातो. दुष्काळी मुलखात चारा वाचणं म्हणजे जनावर वाचणं. लक्ष्मणरावांनी यंत्र निवडलं ते शेतकऱ्याच्या गरजेतून. त्यांच्या पुढच्या प्रत्येक वस्तूमागे हीच निवड दिसते.

मग आला १९०३ चा लोखंडी नांगर. त्याची गरज काय होती, हे कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांच्या रानात हरळी आणि कुंदा असा माजायचा, की लाकडी नांगरानं त्याचं काही बिघडत नसे. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलथत नाही. खालच्या मुळ्या खालीच राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येतात. भारी काळ्या जमिनीत असा नांगर ओढायला बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपाव्या लागत. आजोबा सांगायचे, नांगरटीला शेजारच्या चार घरची बैलं मागून आणावी लागत आणि त्याची फेड करण्यात पुढचे दिवस जात. लोखंडी नांगरानं ढेकूळ पालथं पडायचं, हरळीच्या काशा उन्हात उघड्या पडायच्या आणि वाळून जायच्या. उन्हाळाभर तापलेली ती जमीन पहिला पाऊस खोलवर पिऊन घ्यायची.

इंग्लंडात तयार झालेले लोखंडी नांगर तेव्हा इकडे येत होते. लक्ष्मणरावांनी त्या धर्तीवर आपला नांगर केला. वाचायला हे सोपं वाटतं, पण विलायती नांगर समोर ठेवून तसाच घडवणं म्हणजे काय, ते जरा सांगतो. आधी प्रत्येक भागाचं मापानिशी चित्र काढायचं. त्यावरून लाकडाचा नमुना करायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा. तो नमुना वाळूत दाबून साचा करायचा, भट्टीतलं वितळलेलं बीड त्यात ओतायचं. वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडते आणि ओतीव भागात पोकळ्या राहतात. फाळ कडक झाला तर दगडावर आपटून तुटतो, मऊ राहिला तर चार दिवसांत झिजतो. यातली एकही गोष्ट विकत मिळणारी नव्हती. ती चुकत-चुकत, ओतलेलं पुन्हा वितळवत, हातात आणावी लागली.

एवढं करून नांगर तयार झाला आणि कोणी घेईना. लोखंड जमिनीत घातलं की जमीन विषारी होते, असा लोकांचा समज होता. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षं लागली. त्या शेतकऱ्याला अडाणी ठरवणं सोपं आहे. मला तसं करवत नाही. ज्याचं सगळं आयुष्य एका रानावर उभं आहे, त्यानं परक्या वस्तूचा फाळ त्या रानात घालण्याआधी थांबणं हा शहाणपणाच आहे. रान एकदा बिघडलं तर त्याला दुसरं कुठून आणायचं? हे भय भाषणानं जाण्यासारखं नव्हतं. एका रानात नांगर चालला, तिथलं पीक शेजाऱ्यानं बांधावरून पाहिलं, मग त्यानं आपल्या रानात चालवून पाहिला. लोखंडी नांगराचं गिऱ्हाईक असं बांधाबांधानं तयार झालं.

बत्तीस एकर माळ

नांगराला बरे दिवस येत होते तेवढ्यात पायाखालची जागा गेली. बेळगावच्या नगरपालिकेला ठळकवाडी ही नवी वसाहत करायची होती आणि कारखाना तिच्या आड येत होता. हलायला सांगितलं गेलं. जावं कुठं हा प्रश्न उभा राहिला.

लक्ष्मणराव तेव्हा औंध संस्थानच्या एका बांधकामाच्या कामात होते. औंधच्या गादीवर १९०९ मध्ये आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, कलावस्तू जमवणारे आणि पुढे रयतेच्या हाती कारभार सोपवणारे राजे. त्यांनी आपल्या हद्दीत जागा देऊ केली, कर्जही दिलं. जागा होती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची, बत्तीस एकर. निवडुंगानं भरलेली, सापांनी वसलेली, पाण्याची वानवा असलेली. त्या जागेच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट होती. रेल्वे जवळ होती. लोखंड आणि कोळसा आणायला, नांगर पाठवायला तोच एक रस्ता.

१९१० च्या मार्च महिन्यात ही मंडळी त्या माळावर उतरली. बेळगावचे कारागीर घरची माणसं घेऊन त्यांच्यामागे आले. ही गोष्ट मला नांगराइतकीच मोलाची वाटते. कारखाना हलला की कामगार पांगतात, ही जगाची रीत. इथं ज्यांना छप्पर मिळण्याचीही खात्री नव्हती ती माणसं बायका-मुलांसह माळावर आली. ती पगाराकडे बघून आली असतील असं मला वाटत नाही. आपला मालक आपल्याबरोबर त्याच माळावर राहणार आहे, एवढी एक खात्री त्यांच्यापाशी होती.

तिथं सगळ्यात आधी निवडुंग तोडावा लागला. मग घरं, रस्ते, पाणी, पोस्ट, शाळा. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकर सांभाळत, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, आणि के. के. कुलकर्णीही सोबतीला होते. यांतल्या कोणाकडेही पदव्यांचे भारे नव्हते. लक्ष्मणराव माणसाचा हात आणि त्याची जिद्द पाहत. आजूबाजूच्या गावांतून जी पोरं कामाला आली, त्यांनी कारखाना कधी पाहिलेला नव्हता. त्यांना त्यांनी भट्टीवर आणि लेथवर उभं केलं. किर्लोस्करवाडी म्हणून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, हा दंडक होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमलं आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. १९१० च्या सुमाराच्या महाराष्ट्रात हे करणं किती अवघड होतं, याचा अंदाज आज सहजी येणार नाही. कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं आणि पुणे–मिरज मार्गावर आजही ते आहे.

तोफा आणि मासिकं

कारखाना रुळतो आहे तोवर १९१४ चं महायुद्ध आलं. बाहेरून येणारं लोखंड अडलं, कोळसा मिळेना. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून पाहिला. जुनं, मोडकं बीड जिथं मिळेल तिथून गोळा केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या भट्टीत वितळल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर होऊन ते रानात चालले. युद्धानं परदेशी नांगरांची आवक थांबली होती, त्यामुळे मागणी वाढली होती. जो कारखाना कच्च्या मालावाचून बंद पडायचा, तो या काळात उलट पायावर घट्ट उभा राहिला.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. घरच्या धंद्यात बाहेरच्यांचा पैसा आला, हिशेब चारचौघांपुढे मांडायची जबाबदारी आली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि तिचं ऋण आपल्यासारख्या मराठी वाचकांवर आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. हेतू होता कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्याचा. त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या वाडीतून निघालेल्या या मासिकांनी मराठी घरांत नवे विचार, कथा आणि वाद नेले. माझ्या आईला फक्त लिहिता-वाचता येत होतं. तिच्या उशाशी ‘स्त्री’चा अंक असायचा, त्यातले लेख ती शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवायची. रानात लोखंडी नांगर आणि घरात ‘स्त्री’, आमच्या घरी दोन्ही आलं ते एकाच माळावरून.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, हातपंप आले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये यांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. हा पंप म्हणजे बंद कवचात वेगानं फिरणारं एक पात्यांचं चाक. चाक पाणी बाहेर फेकतं, मधे पोकळी होते आणि त्या ओढीनं विहिरीतलं पाणी नळीतून वर चढतं. ही ओढ व्यवहारात वीस-पंचवीस फुटांपलीकडे चालत नाही. म्हणून आपल्याकडच्या खोल विहिरींत पंप वर काठावर न ठेवता आत, पाण्याच्या जवळ कोनाड्यात बसवलेला दिसतो. मोटेवर दिवसभर बैल आणि माणूस राबत, तेव्हा कुठं थोडं रान भिजायचं. पंपानं बागायतीची हद्द वाढली. कृष्णाकाठच्या ऊसमळ्यांचा इतिहास लिहायचा तर या चाकाचा उल्लेख त्यात करावाच लागेल.

पुढची पिढी घडवण्यात लक्ष्मणरावांनी घाई केली नाही आणि कंजुषीही केली नाही. मुलाला परदेशी शिकवलं, परत आल्यावर कामात टाकलं आणि हळूहळू सूत्रं सोपवली. मंदीच्या दिवसांत वाडीत लोखंडी फर्निचर होऊ लागलं, १९४१ मध्ये हरिहरला लेथ तयार करणारा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. घराण्याचा धंदा म्हटला की आपल्याला वारसा दिसतो. मला त्यात शिकवणी दिसते. स्वतः मास्तर असलेल्या माणसानं घरातही मास्तरकी सोडली नाही.

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. निवडुंग तोडून वसवलेली वाडी त्यांच्या हयातीत जळाली आणि त्यांच्याच हयातीत पुन्हा उभी राहिली, त्याच माळावर. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

त्यांना काय मिळालं होतं

लक्ष्मणरावांना काय मिळालं नव्हतं, याची यादी मोठी आहे. पण त्यांना जे मिळालं त्याची यादी करणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण तेवढंच दुसऱ्याला देणं आपल्या हातात असतं. एक, रामूअण्णांसारखा भाऊ, ज्यानं वडिलांपुढे उभं राहून पैसे दिले आणि जन्मभर साथ दिली. दोन, बाळासाहेबांसारखा राज्यकर्ता, ज्यानं जागा आणि कर्ज देऊन कारभारात लुडबूड केली नाही. आणि तीन, व्हीजेटीआयचं ते वर्कशॉप, जिथं एका मास्तराला यंत्राला हात लावायला कोणी अडवलं नाही.

माझा एक विद्यार्थी आज कोल्हापुरात ओतशाळा चालवतो. इंजिनांचे आणि पंपांचे ओतीव भाग करतो. तो वर्गात हुशार नव्हता, पण शाळा सुटल्यावर वर्कशॉप बंद होईपर्यंत लेथपाशी थांबायचा. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात अशा ओतशाळा पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांत असे वर्गातले मागचे बाक पुष्कळ आहेत. आज उद्योग काढू पाहणाऱ्याला औद्योगिक वसाहतीत भूखंड मिळतो, वीज मिळते, बँकेचं कर्जही मिळतं. जी गोष्ट कमी होत चालली आहे ती म्हणजे पोराला हात काळे करता येतील अशी जागा. गावोगावच्या टेक्निकल शाळांत यंत्रं आहेत, पण वर्कशॉपचा तास वेळापत्रकात आकसतो आहे. यंत्र मोडेल या भीतीनं ते पोरांपासून दूर ठेवलं जातं. मोडू द्यावं. मोडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, ते उघडण्याची इच्छाच मेली तर तिला उपाय नाही.

लक्ष्मणरावांचं स्मारक म्हणून पुतळे आहेत, रस्ते आहेत, बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, पुण्यात त्यांच्या आद्याक्षरांचा लकाकि रोड आहे. मला विचाराल तर प्रत्येक तालुक्याच्या टेक्निकल शाळेचं वर्कशॉप संध्याकाळी दोन तास सर्वांसाठी उघडं ठेवावं. तिथं शेतकऱ्याच्या पोरानं पंप उघडावा, सुताराच्या पोरीनं नमुना घडवावा, ड्रॉइंगच्या मास्तरानं लेथवर उभं राहावं. त्यातले सगळे कारखानदार होणार नाहीत, पण आपल्या गावाला लागणारी वस्तू आपण करू शकतो एवढा भरवसा त्यांच्या हातात येईल. लक्ष्मणरावांची सुरुवातही तेवढ्याच भरवशावर झाली होती.